ग्रँड ज्यूरीच्या कामकाजाची गोपनीयता

ग्रँड ज्यूरीच्या कामकाजाची गोपनीयता हे अमेरिकेच्या फौजदारी न्यायव्यवस्थेतील एक जुने आणि मूलभूत तत्त्व आहे. ग्रँड ज्यूरीपुढे कोणी साक्ष दिली, कोणता पुरावा मांडला गेला, सदस्यांमध्ये काय चर्चा झाली आणि कोणी कोणत्या बाजूने मत दिले, हे तेथे उपस्थित असलेल्या ठरावीक व्यक्तींना या तत्त्वानुसार बाहेर सांगता येत नाही. संघीय न्यायालयांत हे बंधन फौजदारी कार्यपद्धतीच्या संघीय नियमांपैकी नियम ६(ई) अन्वये घातलेले आहे. राज्यांच्या न्यायालयांना त्या त्या राज्याचे कायदे लागू होतात आणि त्यांत मोठी विविधता आढळते.

आरोप सिद्ध होण्यापूर्वी कोणाचीही बदनामी होऊ नये आणि साक्षीदारांना निर्भयपणे बोलता यावे, हे गोपनीयतेचे मुख्य हेतू मानले जातात. मात्र याच पडद्यामुळे सरकारी वकिलाने ज्यूरीपुढे काय मांडले आणि काय मांडले नाही, हेही जनतेला कळत नाही. या विषयावरील बहुतेक न्यायालयीन वाद या दोन बाजूंच्या ओढाताणीतून निर्माण झालेले आहेत.

ग्रँड ज्यूरी म्हणजे काय

ज्यूरी म्हटले की खटला ऐकून ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ असा निर्णय देणारे नागरिकांचे मंडळ डोळ्यांसमोर येते. ग्रँड ज्यूरीचे काम त्याहून वेगळे असते. एखाद्या व्यक्तीवर खटला भरण्याइतका पुरावा आहे किंवा नाही, एवढेच ती ठरवते. पुरावा पुरेसा वाटल्यास ती आरोपपत्र मंजूर करते आणि न वाटल्यास ते नाकारते. आरोपपत्र मंजूर होणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. तो निर्णय पुढे खुल्या न्यायालयात, निराळ्या ज्यूरीसमोर होतो.

१७९१ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या पाचव्या घटनादुरुस्तीनुसार, गंभीर गुन्ह्याबद्दल संघीय न्यायालयात खटला चालवण्यासाठी सर्वसाधारणपणे ग्रँड ज्यूरीचे आरोपपत्र आवश्यक असते. ही अट राज्यांना बंधनकारक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ‘हुर्टाडो विरुद्ध कॅलिफोर्निया’ (१८८४) या खटल्यात दिला. संघीय ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ सदस्य असतात आणि आरोपपत्रासाठी किमान १२ सदस्यांची संमती लागते.

ग्रँड ज्यूरीच्या दालनात न्यायाधीश नसतो. संशयिताला किंवा त्याच्या वकिलाला तेथे उपस्थित राहण्याचा अधिकार नसतो. साक्ष चालू असताना सरकारी वकील, साक्षीदार, आवश्यक असल्यास दुभाषी आणि नोंद घेणारा लघुलेखक किंवा ध्वनिमुद्रक एवढेच लोक आत असतात. साक्षीदाराचा वकील दाराबाहेर थांबतो. सल्ला हवा असल्यास साक्षीदार परवानगी घेऊन बाहेर जातो व त्याच्याशी बोलून परत येतो. चर्चा आणि मतदान सुरू झाले की सरकारी वकिलालाही बाहेर जावे लागते. त्या वेळी आत केवळ ज्यूरी सदस्य असतात. एखाद्या सदस्याला ऐकण्याची किंवा बोलण्याची अडचण असेल, तरच त्याच्या मदतीसाठी दुभाष्याला थांबता येते. चर्चेची व मतदानाची नोंद घेतली जात नाही.

इतिहास

ग्रँड ज्यूरीचे मूळ इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने ११६६ साली काढलेल्या क्लॅरेंडनच्या आदेशात शोधले जाते. परिसरातील गुन्हेगारांची नावे प्रतिष्ठित रहिवाशांनी शपथेवर राजाच्या न्यायाधीशांना कळवावीत, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे आरंभी ही संस्था नागरिकांची ढाल नव्हती, तर राजसत्तेचेच साधन होती. संशयिताला आधी सुगावा लागून त्याने पळून जाऊ नये, हा गुप्ततेचा तेव्हाचा उपयोग होता. पुढे राजाचे, सहकाऱ्यांचे आणि स्वतःचे विचार गुप्त ठेवण्याचे वचन सदस्यांच्या शपथेचा भाग बनले.

नागरिकांचे राजसत्तेपासून रक्षण करणारी संस्था, ही ग्रँड ज्यूरीची प्रतिमा १६८१ सालच्या दोन प्रकरणांतून घडली. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या सरकारने स्टीफन कॉलेज आणि शाफ्ट्सबरीचा अर्ल या विरोधकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्याचा प्रयत्न केला. शाफ्ट्सबरीच्या प्रकरणात साक्षीदारांची तपासणी खुल्या न्यायालयातच झाली पाहिजे, असा आग्रह सरकारने धरला. सदस्यांनी परंपरेनुसार खासगीत तपासणी करण्याची मागणी केली, पण ती फेटाळली गेली. तरीही लंडनमधील ग्रँड ज्यूरींनी दोन्ही प्रकरणांत आरोप नाकारले. कॉलेजला मात्र ऑक्सफर्ड येथे नेऊन दुसऱ्या ग्रँड ज्यूरीकडून आरोपपत्र मिळवण्यात आले आणि त्याला फाशी देण्यात आली. लंडनच्या ज्यूरींची निवड राजविरोधी गटाच्या शेरीफांनी केली होती, याकडे लक्ष वेधून काही इतिहासकार या प्रकरणांना निःपक्षपातीपणाचा आदर्श मानत नाहीत. असे असले तरी बंद दाराआड बसलेली ज्यूरी राजालाही नकार देऊ शकते, ही कल्पना येथूनच रूढ झाली.

अमेरिकन वसाहतींनी ही संस्था आणि तिची गुप्तता दोन्ही स्वीकारली. दीर्घकाळ परंपरेने चालत आलेला हा नियम २१ मार्च १९४६ रोजी अमलात आलेल्या फौजदारी कार्यपद्धतीच्या संघीय नियमांत लिखित स्वरूपात आला. इंग्लंडने मात्र १९३३ च्या कायद्याने ग्रँड ज्यूरी जवळजवळ मोडीत काढली आणि १९४८ मध्ये तिचे उरलेसुरले अवशेषही संपवले.

गोपनीयतेची कारणे

सर्वोच्च न्यायालयाने ‘डग्लस ऑइल कंपनी विरुद्ध पेट्रोल स्टॉप्स नॉर्थवेस्ट’ (१९७९) या निकालात गोपनीयतेच्या कारणांचा आढावा घेतला. न्यायालयीन निर्णयांत वारंवार येणारी कारणे अशी आहेत :

१. आरोपपत्राची चाहूल लागून संशयित फरार होऊ नये.
२. सदस्यांना मोकळेपणाने विचारविनिमय करता यावा आणि त्यांच्यावर कोणाचा दबाव येऊ नये.
३. साक्षीदारांना धमकावण्याचे किंवा फितवण्याचे प्रकार टळावेत.
४. गुन्ह्याची माहिती असणाऱ्यांनी न घाबरता ती सांगावी.
५. तपास होऊनही ज्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही, अशा माणसाची अब्रू वाचावी.

यांपैकी पहिले कारण अटक होताच संपते आणि काही कारणे ज्यूरीची मुदत संपल्यावर क्षीण होतात. शेवटचे कारण मात्र संबंधित व्यक्ती हयात असेपर्यंत टिकून राहते. म्हणूनच चौकशी संपल्यावरही गोपनीयता आपोआप संपुष्टात येत नाही. जबानी कधीतरी उघड होऊ शकते असे वाटल्यास भविष्यातील साक्षीदारही कचरतील, असा युक्तिवाद न्यायालयांनी मान्य केला आहे.

बंधन कोणावर आहे

नियम ६(ई) मध्ये बंधन असलेल्या व्यक्तींची यादीच दिलेली आहे : ज्यूरी सदस्य, दुभाषी, लघुलेखक, ध्वनिमुद्रण यंत्र चालवणारी व्यक्ती, मुद्रणावरून लिखित प्रत तयार करणारी व्यक्ती, सरकारी वकील आणि तपासात साहाय्य करण्यासाठी ज्यांना ही माहिती नियमानुसार दिली गेली आहे असे सरकारी कर्मचारी. या यादीबाहेरील कोणावरही गुप्ततेचे बंधन लादता येणार नाही, असे नियमातच म्हटले आहे.

साक्षीदाराचा या यादीत समावेश नाही. त्यामुळे संघीय ग्रँड ज्यूरीपुढे साक्ष देऊन आलेली व्यक्ती आपल्याला काय विचारले गेले आणि आपण काय उत्तर दिले, हे वकिलाला, कुटुंबीयांना किंवा पत्रकारांना सांगू शकते. काही राज्यांनी साक्षीदारांवरही बंधन घातले होते. फ्लोरिडातील असा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ‘बटरवर्थ विरुद्ध स्मिथ’ (१९९०) या खटल्यात तपासला. ज्यूरीची मुदत संपल्यानंतरही साक्षीदाराला स्वतःची साक्ष उघड करण्यास मनाई करणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारे आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. या खटल्यातील साक्षीदार स्वतः पत्रकार होता आणि आपल्या अनुभवावर त्याला लेखन करायचे होते.

बोलण्याची मुभा असली, तरी साक्ष नाकारण्याची मुभा साक्षीदाराला सहसा नसते. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा अधिकार किंवा तत्सम कायदेशीर संरक्षण लागू नसेल, तर नकार देणाऱ्याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात ठेवता येते. सैन्याची गोपनीय कागदपत्रे विकिलीक्सला दिल्याबद्दल पूर्वी शिक्षा भोगलेल्या चेल्सी मॅनिंग यांनी २०१९ मध्ये ग्रँड ज्यूरीपुढे साक्ष देण्यास नकार दिला. त्या नकारासाठी त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक कारण या कामकाजाची गुप्तता हेच होते. त्यांना मार्च २०२० पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, तुरुंगात राहावे लागले.

गोपनीयता कशाला लागू होते

‘ग्रँड ज्यूरीपुढे घडलेली बाब’ गुप्त असते. साक्षी, चर्चा, मतदान आणि तपासाची दिशा उघड करणारा मजकूर यांचा तीत समावेश होतो. याउलट, एखाद्या कंपनीची हिशेबाची वही ज्यूरीपुढे ठेवली गेली, एवढ्याने ती वही आपोआप गुप्त होत नाही. चौकशीशी संबंध न ठेवता आधीपासून अस्तित्वात असलेले कागद स्वतंत्र मार्गाने मिळवता येतात. अशा कागदांबाबत नेमकी रेषा कोठे आखावी, यावर अपील न्यायालयांत एकमत नाही.

आरोपी ताब्यात येईपर्यंत आरोपपत्रच मोहोरबंद ठेवण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतो. विकिलीक्सचे संस्थापक जूलियन असांज यांच्याविरुद्ध मार्च २०१८ मध्ये असे मोहोरबंद आरोपपत्र मंजूर झाले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये, संबंध नसलेल्या एका प्रकरणाच्या न्यायालयीन अर्जात त्यांचे नाव चुकून राहून गेल्याने या गोष्टीचा सुगावा लागला. आरोपपत्र अधिकृतपणे एप्रिल २०१९ मध्ये खुले झाले.

अपवाद

काही अपवादांसाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही. सरकारी वकिलाला आपले काम करण्यासाठी माहिती वापरता येते, तपासात मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना देता येते आणि दुसऱ्या संघीय ग्रँड ज्यूरीपुढे ठेवता येते. २००१ च्या दहशतवादविरोधी कायद्याने, म्हणजे पेट्रियट अ‍ॅक्टने, परकीय गुप्तवार्तेशी संबंधित माहिती इतर संघीय अधिकाऱ्यांना देण्याचा मार्ग खुला केला.

इतर प्रसंगी न्यायालयाचा आदेश लागतो. दुसऱ्या न्यायालयीन कामकाजासाठी माहिती हवी असणे, ज्यूरीपुढील एखाद्या गैरप्रकारामुळे आरोपपत्र रद्द होण्यास आधार असल्याचे आरोपीने दाखवणे, किंवा राज्याच्या, परदेशाच्या वा लष्करी कायद्याच्या भंगाचा तपास करण्यासाठी सरकारने विनंती करणे, ही त्याची मुख्य कारणे आहेत. ‘डग्लस ऑइल’ निकालानुसार अर्जदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : दुसऱ्या कामकाजातील संभाव्य अन्याय टाळण्यासाठी हा मजकूर आवश्यक आहे, गुप्तता टिकवण्यापेक्षा तो उघड करण्याची गरज मोठी आहे आणि मागणी आवश्यक तेवढ्याच मजकुरापुरती मर्यादित आहे.

सरकारलाही या मर्यादा लागू होतात. ‘अमेरिका विरुद्ध सेल्स इंजिनीअरिंग’ (१९८३) या खटल्यात, न्याय विभागाच्या दिवाणी शाखेच्या वकिलांना फौजदारी चौकशीतील मजकूर न्यायालयाच्या आदेशाशिवाय वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

आरोपीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल १९७० मध्ये झाला. सरकारी साक्षीदाराची सरतपासणी झाल्यावर त्याची पूर्वीची निवेदने बचावपक्षाला देण्याची तरतूद १९५७ च्या जेंक्स अ‍ॅक्टमध्ये होती. १९७० च्या दुरुस्तीने त्यात ग्रँड ज्यूरीपुढील साक्षीचाही समावेश केला. साक्षीदार आधी काय म्हणाला होता आणि आता काय म्हणतो, यांची तुलना बचाव वकिलाला त्यामुळे करता येऊ लागली.

भंग आणि शिक्षा

जाणूनबुजून केलेला नियमभंग हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. २००४ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकाने खेळाडूंच्या उत्तेजक द्रव्य सेवनाच्या चौकशीतील ग्रँड ज्यूरीपुढच्या साक्षी प्रसिद्ध केल्या. बातमीदारांनी माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्यास नकार दिल्याने त्यांना तुरुंगवासाचा आदेश झाला. मात्र प्रती आपण दाखवल्याची कबुली एका बचाव वकिलाने दिल्यामुळे बातमीदारांवर प्रत्यक्ष तुरुंगात जाण्याची वेळ आली नाही. त्या वकिलाला २००७ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली.

ऐतिहासिक कागदपत्रांचा प्रश्न

दशकांपूर्वीच्या चौकशांचे कागद इतिहासकारांना खुले करावेत का, याबद्दल नियम ६(ई) मध्ये काहीही म्हटलेले नाही. तरीही काही न्यायालयांनी आपल्या अंगभूत अधिकारात असे कागद खुले केले आहेत. माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १९७५ मध्ये वॉटरगेट प्रकरणी दिलेली साक्ष न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

अशा प्रकटीकरणाचे महत्त्व रोझेनबर्ग प्रकरणातून स्पष्ट होते. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्याला १९ जून १९५३ रोजी मृत्युदंड देण्यात आला. अणुबाँबसंबंधीची टिपणे एथेल यांनी टंकलिखित केली, अशी साक्ष त्यांचे बंधू डेव्हिड ग्रीनग्लास आणि वहिनी रूथ यांनी १९५१ च्या खटल्यात दिली होती. २००८ मध्ये खुल्या झालेल्या ग्रँड ज्यूरीच्या नोंदीनुसार, ती टिपणे आपण स्वतः हाताने लिहिल्याचे रूथ यांनी तेव्हा सांगितले होते. डेव्हिड यांची नोंद त्यांच्या मृत्यूनंतर २०१५ मध्ये खुली झाली. या विषयावर बहिणीशी आपण कधी बोललोच नाही, असे ते ग्रँड ज्यूरीपुढे म्हणाले होते. ज्युलियस यांच्या हेरगिरीला पुष्टी देणारा पुरावा पुढे उपलब्ध झाला, परंतु एथेल यांच्या सहभागाबद्दल वाद कायम आहे. १९५१ साली बचावपक्षाला या साक्षी पाहण्याचा हक्क नव्हता.

जॉर्जिया राज्यातील मूर्स फोर्ड हत्याकांडाच्या कागदांबाबत मात्र उलट निर्णय झाला. २५ जुलै १९४६ रोजी तेथे दोन कृष्णवर्णीय दांपत्यांची जमावाने गोळ्या घालून हत्या केली. ग्रँड ज्यूरीने शंभराहून अधिक साक्षीदार तपासले, पण हत्येबद्दल कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. इतिहासकार अँथनी पिच यांच्या अर्जावरून जिल्हा न्यायालयाने २०१७ मध्ये नोंदी खुल्या करण्याचा आदेश दिला. मात्र अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२० मध्ये तो रद्द केला. नियमात नमूद नसलेला अपवाद न्यायाधीशांना निर्माण करता येत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. पिच यांचे २०१९ मध्येच निधन झाले होते.

कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने ‘मॅककीव्हर विरुद्ध बार’ (२०१९) या खटल्यात असाच निर्णय दिला, तर दुसऱ्या आणि सातव्या विभागांच्या अपील न्यायालयांनी अंगभूत अधिकार मान्य केला आहे. त्यामुळे एकाच स्वरूपाचा कागद एका शहरात खुला होऊ शकतो आणि दुसऱ्या शहरात बंद राहतो. या मतभेदाची नोंद सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी २०२० मध्ये घेतली. नियम तयार करणाऱ्या समितीने या प्रश्नाचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले.

राज्यांमधील भिन्नता

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्यूरीची माहिती बेकायदेशीरपणे उघड करणे हा गंभीर वर्गातील गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात आरोपपत्र दाखल झाल्यावर साक्षींची लिखित प्रत आरोपीला मिळते आणि न्यायालयाने रोखले नाही तर काही दिवसांनी ती सर्वांसाठी खुली होते.

ही तफावत २०१४ मध्ये ठळकपणे समोर आली. मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकल ब्राउन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. ग्रँड ज्यूरीने आरोपपत्र नाकारल्याचे २४ नोव्हेंबर रोजी जाहीर झाले आणि सरकारी वकिलाने साक्षींच्या हजारो पानांच्या प्रती प्रसिद्ध केल्या. पुढील आठवड्यातच न्यूयॉर्कमधील एरिक गार्नर यांच्या मृत्यूप्रकरणी तेथील ग्रँड ज्यूरीनेही पोलीस अधिकाऱ्यावर आरोप ठेवण्यास नकार दिला. तेथील न्यायालयांनी मात्र नोंदी खुल्या करण्याची मागणी फेटाळली.

टीका

सरकारी वकिलाने आरोपीला अनुकूल असलेला पुरावा ग्रँड ज्यूरीपुढे मांडलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ‘अमेरिका विरुद्ध विल्यम्स’ (१९९२) या खटल्यात दिला. अशा स्थितीत कामकाज गुप्त असल्याने सरकारी वकिलाच्या निवडीवर बाहेरून देखरेख राहत नाही, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. नको असलेल्या प्रकरणात आरोपपत्र न मिळाल्यास सरकारी वकील त्याचे उत्तरदायित्व ज्यूरीवर ढकलू शकतो, असेही म्हटले जाते.

केंटकी राज्यातील ब्रिओना टेलर प्रकरणात हा आक्षेप ज्यूरीच्या आतूनच आला. मार्च २०२० मध्ये लुईव्हिल शहरात पोलिसांनी घरात घुसून केलेल्या गोळीबारात टेलर मरण पावल्या. सप्टेंबरमध्ये ग्रँड ज्यूरीने केवळ एका अधिकाऱ्यावर आरोप ठेवला आणि तोही शेजारच्या घरात गोळ्या गेल्याबद्दल. आपल्याला बोलू द्यावे, अशी मागणी एका अनाम सदस्याने न्यायालयाकडे केली. न्यायाधीशांनी २० ऑक्टोबर २०२० रोजी ती मान्य केली. मनुष्यवधाच्या आरोपाचा पर्याय आमच्यापुढे ठेवलाच गेला नव्हता, असे या सदस्याने नंतर जाहीर केले.

गोपनीयतेचे समर्थक याला वेगळे उत्तर देतात. दार उघडे ठेवल्यास आरोप नाकारला गेलेल्या व्यक्तीला समाज दोषीच मानेल आणि संघटित गुन्हेगारीच्या प्रकरणांत साक्षीदार पुढे येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

भारतातील स्थिती

ब्रिटिश काळात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाखा शहरांत ग्रँड ज्यूरीची पद्धत होती. १८६५ च्या कायद्याने ती बंद झाली. मुंबईतील १९५९ च्या गाजलेल्या नानावटी खटल्यातील ज्यूरी ही ग्रँड ज्यूरी नव्हती, तर दोषी की निर्दोष हे ठरवणारी ज्यूरी होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान नव्हते. भारतात तपास पूर्ण झाल्यावर पोलीस आरोपपत्र न्यायालयात दाखल करतात आणि त्यात आधार घेतलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांच्या प्रती, काही अपवाद वगळता, आरोपीला खटल्यापूर्वीच विनामूल्य द्याव्या लागतात. त्यामुळे साक्षीदार आधी काय म्हणाला होता, हे आरोपीला येथे खटला उभा राहण्यापूर्वीच कळते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयात मात्र साक्षीदाराची सरतपासणी होईपर्यंत ते मिळण्याचा हक्क जेंक्स अ‍ॅक्ट देत नाही.